देव एक, कीं शब्द एक?

सुशिक्षित घरांतील धर्मविषयक वाद बहुधा एकाच वाक्यापाशीं येऊन थांबतात. “नांवें निराळीं, पण देव एकच!” वांद्र्याच्या माउंट मेरीस मेणबत्ती लावून आलेली गृहिणी हेंच म्हणते, दर्ग्यावर चादर चढवून आलेला व्यापारी हेंच म्हणतो, आणि कॉलेजांत जाणारा नातू “मला देव मुळींच मान्य नाहीं” असें बोलूं लागला, म्हणजे आजोबाही हेंच वाक्य किंचित् निराळ्या रूपानें उच्चारतात: “तूं ज्याला निसर्ग म्हणतोस, त्यालाच आम्ही देव म्हणतों.” वाक्य चांगलें आहे, यांत शंका नाहीं. त्याच्या योगानें कित्येक भांडणें उंबऱ्याच्या आंतच विझलीं असतील. परंतु हें वाक्य उच्चारणारा मनुष्य पुष्कळदां त्याच क्षणीं समोरच्याचें ऐकावयाचें सोडून देतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नातवाचें म्हणणें खोडून काढलेलें नसतें आणि मान्यही केलेलें नसतें. तें नुसतें मिटवून टाकलेलें असतें. संवादाचा आरंभ म्हणून जें वाक्य उत्तम, तेंच त्याचा शेवट म्हणून कितपत योग्य आहे, याचा थोडा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

‘देव एक आहे’ या तीन शब्दांत निदान तीन निरनिराळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. देव संख्येनें एक कीं अनेक, हा पहिला. दोन निरनिराळे लोक दोन नांवांनीं ज्यास हांक मारतात, तो एकच कीं काय, हा दुसरा. आणि तो आहे तरी कसा, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सारखें असलें, म्हणून दुसऱ्याचें व तिसऱ्याचें सारखें असतेंच असें नाहीं. ज्यू, ख्रिस्ती व मुसलमान हे तिघेही देव एकच मानतात. तरी त्या एकाच्या स्वरूपाविषयीं त्यांचे वाद शतकानुशतकें चालत आलेले आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठीं शुक्राचें उदाहरण घेण्याची वहिवाट आहे. प्राचीन ग्रीक लोक पहाटेच्या शुक्रास एका नांवानें व सायंकाळच्या शुक्रास दुसऱ्या नांवानें ओळखीत. पुढें निरीक्षणानें व गणितानें असें ठरलें कीं, हे दोन तारे नसून एकच ग्रह आहे. देवाचेंही तसेंच असेल, असें आपण म्हणतों. पण शुक्राचें एकत्व ठरलें तें कोणाच्या मनाच्या मोठेपणानें नव्हे. दोन्ही पक्षांस आकाशाकडे बोट दाखवितां येत होतें. देवाविषयीं बोलतांना बोट दाखविण्यास जागा नसते. तेथें हातांत असतें तें केवळ वर्णन. आतां एखाद्या गांवच्या पाटलाविषयीं एकजण म्हणाला कीं तो उदार आहे व दुसरा म्हणाला कीं तो कृपण आहे, तर दोघे एकाच माणसाविषयीं बोलत आहेत असें आपण खुशाल समजूं. पण एकजण म्हणाला कीं पाटलास तीन मुलगे आहेत, व दुसरा म्हणाला कीं त्याचें लग्नच झालेलें नाहीं. एक म्हणाला कीं तो रोज चावडीवर बसतो, व दुसरा म्हणाला कीं त्यास आजवर कोणीं पाहिलेलें नाहीं. तर दोघांच्या मनांत दोन निराळे पाटील तर नाहींत ना, अशी शंका घेणें भागच पडतें. वर्णनांतील भेद किती वाढला म्हणजे वर्ण्य विषयच निराळा समजावयाचा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. आणि तो लहान नाहीं.

कारण भेद आहेत ते वरवरचे नाहींत. ईश्वर मनुष्यदेह धारण करतो, हा वैष्णवाच्या भक्तीचा प्राण आहे. ख्रिस्ती मनुष्यासही अवतार मान्य आहे. पण तो एकदांच झाला, आणि त्यावांचून तरणोपाय नाहीं, असें तो म्हणतो. मुसलमानास अवताराची कल्पनाच ईश्वराच्या एकत्वास, म्हणजे त्याच्या ‘तौहीद’च्या श्रद्धेस, बाधक वाटते. अद्वैत्याच्या दृष्टीनें उपास्य आणि उपासक हा भेदच अखेरचा नव्हे. तर मध्वाचार्यांच्या अनुयायास तो भेद नित्य व खरा आहे. यांपैकीं प्रत्येकास “तुमच्या म्हणण्यांतील हा भाग गौण आहे, तेवढा सोडा, म्हणजे आपण सारे एक,” असें सांगणें सोपें आहे. पण तो ज्यास गौण म्हणावयाचें, तोच नेमका त्याच्या जिवाचा भाग असतो.

शब्द एक असला म्हणजे देव एक होतो, असेंही नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट पाद्री फादर थॉमस स्टीफन्स सन १५७९ मध्यें गोव्यास आले, व त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६ मध्यें राचोल येथें छापून निघालें. दहा हजारांहून अधिक ओंव्यांच्या या ग्रंथांत त्यांनीं आपल्या देवास ‘परमेश्वर’ म्हटलें, स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें. पण म्हणून वैकुंठींचा विष्णु त्यांनीं पतकरला नाहीं. शब्द आमचा घेतला, अर्थ आपला भरला. उलटपक्षीं चीनमध्यें याच पंथाचे मात्तेओ रिच्ची यांनीं प्राचीन चिनी ग्रंथांतील ‘शांगदी’ हा सर्वश्रेष्ठ सत्तेचा वाचक शब्द ख्रिस्ती देवासही लागू पडतो, असें मानलें. त्यावरून ख्रिस्ती धर्मगुरूंतच शंभर वर्षें वाद माजला, आणि अखेर सन १७१५ मध्यें पोप अकरावे क्लेमेंट यांनीं तो शब्द वर्ज्य ठरवून ‘स्वर्गाचा स्वामी’ अशा अर्थाचा निराळा शब्दच कायम केला. शब्द परका असेल तर देवही परका होईल, ही भीति त्यामागें होती.

आणि ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाहीं. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक आपल्या देवास ‘अल्ला’ म्हणूनच हांक मारीत आले आहेत; मलायी भाषेंतील ख्रिस्ती ग्रंथांतही सतराव्या शतकापासून हाच शब्द आहे. असें असूनही मलेशियांत एका कॅथॉलिक साप्ताहिकानें तो वापरावा कीं नाहीं, याबद्दल न्यायालयांत खटला चालला. सन २००९ मध्यें निकाल साप्ताहिकाच्या बाजूनें लागला, सन २०१३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला, आणि सन २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अपिलास परवानगी नाकारली. पुढें सन २०२१ मध्यें दुसऱ्या एका खटल्यांत उच्च न्यायालयानें ख्रिस्ती लोकांच्या बाजूनें निर्णय दिला. देव एकच असें मानावयाचें, तर त्याचें नांव दुसऱ्यानें घेतल्यानें बिघडतें काय? पण बिघडतें, असें पुष्कळांस वाटतें; आणि तें कां वाटतें हें समजून न घेतां ‘देव एकच’ म्हणणें म्हणजे दुखणें न पाहतां औषध देणें होय.

येथें आमचे कांहीं वाचक म्हणतील, “हें परधर्मीयांचें झालें, आम्हां हिंदूंस ही अडचण नाहीं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतच सत् एक असून ज्ञाते त्यास अनेक नांवें देतात, असें सांगितलेलें आहे.” हें खरें, व त्याचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. तथापि नित्याच्या संध्येंतील एका श्लोकाकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहावें. आकाशांतून पडलेलें पाणी जसें समुद्रास मिळतें, तसा कोणत्याही देवास केलेला नमस्कार अखेर एकासच पोंचतो, असा त्याचा भाव आहे. पण तो पोंचतो कोणास? केशवास! समुद्राचें नांव आपल्याच घरचें आहे. गीतेच्या नवव्या अध्यायांतही अन्य देवतांचे भक्त श्रीकृष्णासच भजतात असें म्हटलें आहे खरें, पण त्यांचें तें भजन विधीस सोडून आहे, अशी पुस्तीही तेथेंच जोडलेली आहे. यांत दोष काढण्याचें कारण नाहीं. प्रत्येक श्रद्धावान् मनुष्य आपल्या अंगणांत उभा राहूनच जग पाहणार. फक्त एवढेंच ओळखावयाचें कीं, दुसऱ्यास आपल्या घरांत जागा देणें हें औदार्य असलें, तरी ती त्याची संमति नव्हे. नमस्कार करणाऱ्यानें तो केशवास केलेला नसतो.

या बाबतींत दोन उदाहरणें अनुकरणीय वाटतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सन १९६५ मध्यें इतर धर्मांविषयीं जी घोषणा केली, तींत मुसलमान एकाच ईश्वराची उपासना करतात हें आदरानें मान्य केलें. आणि येशूस ते ईश्वर मानीत नाहींत हेंही त्याच ठिकाणीं स्पष्ट नमूद केलें. साम्य सांगितलें म्हणून भेद झांकला नाहीं. दुसरें उदाहरण घरचें आहे, व चारशें वर्षांहून जुनें आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं हिंदु व तुर्क यांचा संवाद रचिला. त्यांत दोघे प्रथम गोड बोलत नाहींत. एकमेकांच्या देवांची, आचारांची, ग्रंथांतील कथांचीही ते यथेच्छ उणीं काढतात. नाथांनीं दोन्ही बाजूंच्या तोंडीं खरोखरीचे आक्षेप घातले आहेत, कोणाचीही बाजू दुबळी करून मांडलेली नाहीं. आणि एवढें सारें बोलून झाल्यावर मग दोघे समेट करून परस्परांस आलिंगन देतात. आलिंगन शेवटीं आहे, आरंभीं नाहीं. म्हणूनच त्यास किंमत आहे.

आतां नातवाकडे वळूं. तो म्हणतो, मी नास्तिक आहें. हा शब्द कानीं पडतांच घरांतील वडील मंडळी दचकतात. परंतु आमच्या शास्त्रांत या शब्दाचा जो अर्थ आहे, तो त्यांच्या मनांतील अर्थाहून निराळा आहे. पाणिनीच्या सूत्रावर वृत्तिकारांनीं दिलेल्या अर्थाप्रमाणें परलोक नाहीं असें मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतींत वेदाची निंदा करणारास नास्तिक म्हटलें आहे. ईश्वर न मानणारा तो नास्तिक, हा अर्थ आज सर्वतोमुखीं असला, तरी वरील दोन्ही ठिकाणीं तो नाहीं. तसा तो असता, तर वेदाचे कट्टे कैवारी जे मीमांसक, त्यांतील कुमारिल भट्टांस कोठें बसविणार? सातव्या शतकांतील या थोर पंडितानें आपल्या ‘श्लोकवार्तिकां’त जगाचा कोणी कर्ता आहे या मताचें सविस्तर खंडन केलें आहे. करुणेनें जग निर्माण केलें म्हणावें, तर निर्मितीपूर्वीं करुणा करावयास होतें कोण? आणि करुणाच कारण असती, तर जग केवळ सुखमय कां झालें नाहीं? असे त्याचे रोकडे प्रश्न आहेत. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांत सारें विश्व प्रकृति व पुरुष यांवर उभें केलें आहे. ईश्वराची तेथें गरज पडत नाहीं. जैनांस तीर्थंकर परमपूज्य आहेत, पण ते जगाचे कर्ते नव्हेत. म्हणजे कर्त्या ईश्वराविषयीं नाहींचा उच्चार विलायतेहून आगबोटीनें आलेला नाहीं. तो आपल्याच दर्शनांच्या पंक्तींत पाट मांडून बसलेला आहे.

अर्थात् आजच्या नातवाची नाहीं कुमारिलाच्या नाहींहून निराळी असूं शकेल. पण ती कोणती, हें त्यासच विचारावें लागेल. नवसास पावणारा देव त्यास नको आहे, कीं न्याय करणारा. निर्माता त्यास पटत नाहीं, कीं मध्यस्थ? पुष्कळदां असें आढळतें कीं, नातू ज्या देवास नाकारतो, त्यास आजोबांनींही कधीं मानलेलें नसतें. आणि कधीं असेंही आढळतें कीं, मतभेद खरा आहे, खोल आहे, आणि मिटण्यासारखा नाहीं. दोहोंपैकीं कोणतेंही असो, तें विचारल्यावांचून कळत नाहीं.

गोपाळ गणेश आगरकर यांचें चरित्र या दृष्टीनें आठवावें. ‘केसरी’चे पहिले संपादक, सन १८८८ मध्यें निघालेल्या ‘सुधारका’चे संस्थापक, आणि सन १८९२ पासून मृत्यूपर्यंत फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असलेल्या या पुरुषानें बुद्धीस जें पटत नाहीं तें मान्य करण्याचें नाकारलें; त्याबद्दल जिवंतपणींच आपली प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांतून निघालेली त्यास पाहावी लागली. त्याच काळीं न्यायमूर्ति रानडे हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते, व ईश्वरावरील श्रद्धा हें त्यांच्या कार्याचें मूळ होतें. विधवांच्या व बालिकांच्या दुःखाविषयीं मात्र दोघांची कळकळ एकच होती. आतां आगरकरांस कोणीं म्हणावें कीं, “तुमचें कर्तव्य हाच तुमचा देव!” तर तें वरकरणीं गौरवाचें वाटेल. पण जो शब्द न उच्चारण्यासाठीं त्यांनीं एवढें सोसलें, तोच त्यांच्या पश्चात् त्यांच्या पदरीं बांधणें हा गौरव नव्हे. नास्तिकासही आपल्या मतानें ओळखले जाण्याचा अधिकार आहे.

हा अधिकार आज कायद्यानेंही मान्य केलेला आहे. सरकारी अर्जावर अमुक धर्म लिहाच अशी सक्ति कोणावर करतां येत नाहीं, व आपणांस कोणताच धर्म नाहीं असें सांगण्यास नागरिक मोकळा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें सन २०१४ मध्यें दिला. परंतु कायदा अर्जापुरता; घरांत काय करावयाचें?

या प्रश्नास महात्मा जोतीराव फुले यांनीं दिलेलें उत्तर अजूनही धीट वाटतें. त्यांच्या मृत्यूनंतर सन १८९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां’त त्यांनीं एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्यांत बाई बौद्ध धर्माचें पुस्तक वाचून तो धर्म स्वीकारील, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होईल, कन्या कुराण वाचून मुसलमान होईल, पुत्र सत्यधर्मी होईल. आणि इतकें होऊनही सर्वांनीं एकमेकांचा द्वेष न करतां प्रेमानें एकत्र राहावें, असें तें चित्र आहे. सर्वांचा निर्मिक एक आहे, अशी फुल्यांची स्वतःची दृढ श्रद्धा होती. पण घरांतील माणसांनीं ती मान्य केल्यावरच एकत्र नांदावें, अशी अट त्यांनीं घातली नाहीं.

हें चित्र पुस्तकांत सुंदर; प्रत्यक्षांत त्याची किंमत किती पडते, हें टिळक दांपत्याच्या चरित्रांत दिसतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पतिपत्नी कित्येक वर्षें वेगळीं राहिलीं. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्या आपला धर्म व सोवळें संभाळून. टिळकांनीं त्यांच्यावर धर्मांतराची सक्ति केली नाहीं. कालांतरानें त्या ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या विचारानें. त्या काळांतील ताटातूट, उपहास आणि माया हीं सारीं त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहेत. देव एकच, असें म्हणून त्या उभयतांचें एकही दुःख हलकें झालें नसतें. हलकें झालें तें एकमेकांस वाट पाहण्याइतका अवधि दिल्यानें.

आणखी एक प्रसंग वर्ध्याजवळील सेवाग्रामचा आहे. आंध्रांतील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजु रामचंद्र राव, हे १९४४-४५ च्या सुमारास महात्मा गांधींच्या सहवासास आले. ईश्वर सत्य आहे या वचनाऐवजीं सत्य हाच ईश्वर, असें गांधीजी त्यापूर्वींच म्हणूं लागले होते. ईश्वर नाकारणारा मनुष्यही सत्य नाकारीत नाहीं, हें त्याचें एक कारण. गोरांच्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानलेल्या समाजांतील तरुणाशीं ठरला, तेव्हां तो आश्रमांत लावण्याचें गांधीजींनीं कबूल केलें, आणि विधींत ईश्वराच्या नांवाऐवजीं सत्याचें नांव घेण्यासही संमति दिली. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्यें, तो विवाह सेवाग्रामींच झाला. ज्यांचा दिवस प्रार्थनेनें उगवे, त्यांनीं निरीश्वरवाद्यास ईश्वराचें नांव घ्यावयास लावलें नाहीं. खोटें बोलून केलेली प्रार्थना त्यांस नको होती.

आमच्या मतें सर्व प्रकरणाचें मर्म येथें आहे. वडिलांच्या श्राद्धास बसण्यास मुलगा नाखूष असला, म्हणजे घरांत मोठें संकट उभें राहतें. पण ‘श्राद्ध’ हा शब्दच श्रद्धेपासून झालेला आहे. जें मनांत नाहीं, तें देवापुढें मोठ्यानें म्हणावयास लावणें यांत नास्तिकाचा अपमान होतोच. त्याहून अधिक अपमान श्रद्धेचा होतो. जो देवास खरोखर मानतो, त्यानेंच प्रथम हें नाकारावें. विधि ज्याची श्रद्धा आहे त्यानें करावा. मुलानेंही एवढें समजावें कीं, मंत्रावर विश्वास नसला तरी त्या दिवशीं घरीं असणें, पानें वाढणें, आईजवळ बसून वडिलांच्या आठवणी काढणें, यांसाठीं कोणताच देव मानावा लागत नाहीं. आणि आईच्या श्रद्धेची थट्टा करण्यास कोणत्याच तर्कशास्त्राची आज्ञा नाहीं.

दहाव्या शतकांत मिथिलेंत उदयनाचार्य नांवाचे महान् नैयायिक होऊन गेले. ईश्वर आहे हें सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं ‘न्यायकुसुमांजलि’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीं वेदान्ती, सांख्य, बौद्ध, जैन, मीमांसक, चार्वाक, किंबहुना कारागीर लोकही आपापल्या नांवानें त्यासच भजतात, अशी लांबलचक यादी आहे. म्हणजे ‘देव एकच’ हें वाक्य त्यांसही ठाऊक होतें. पण तें म्हणून ते थांबले नाहींत. त्यापुढें पांच स्तबकांत त्यांनीं प्रतिपक्षाचा एकेक आक्षेप घेऊन त्याच्याशीं झुंज दिली, आणि असें चिंतन हीसुद्धां उपासनाच होय, असें सांगितलें. ग्रंथाच्या शेवटीं, इतक्या युक्तिवादानंतरही ज्यांच्या अंतःकरणांत ईश्वरास थारा मिळाला नाहीं, त्यांस त्यांनीं पाषाणहृदयी म्हटलें. पण लगेच परमेश्वरास विनविलें कीं, विरोधानें कां होईना, या लोकांनीं तुझेंच एवढें चिंतन केलें आहे. तेव्हां, हे करुणाकरा, यथाकाळीं त्यांसही तूंच तार.

ही विनवणी नास्तिकास पटण्याचें कारण नाहीं, आणि ती त्याच्यासाठीं लिहिलेलीही नाहीं. ती आस्तिकासाठीं आहे. जो माणूस “नाहीं” म्हणतो, त्यानें निदान प्रश्न गंभीरपणें घेतला आहे, ही तिच्यामागील जाण आहे. पुढच्या वेळीं घरांत हा विषय निघेल, तेव्हां ‘देव एकच’ हें वाक्य क्षणभर मागें ठेवावें, आणि नातवास विचारावें: “कोणता देव तुला मान्य नाहीं, तें नीट सांग बरें.” उत्तर ऐकण्यास रात्रीचें जेवण कदाचित् थोडें लांबेल. तें लांबूं द्यावें.